मेटफॉर्मिन आणि लॅक्टिक ॲसिडोसिस : मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये पंचवटीच्या बाजूला आमचं मेडिकल आहे. मेटफॉर्मिनसारख्या शुगरच्या गोळ्या दर महिन्याला नेणारी नेहमीची माणसं बरीच. त्यातलं कुणी ना कुणी मोबाइल पुढे करतं, नाहीतर खोक्यातला तो घडीघडीचा बारीक अक्षरांचा कागद उलगडून दाखवतं आणि विचारतं, "हे खरं आहे का हो?" प्रश्न त्यांचे आहेत, उत्तरं जरा नीट मांडून इथे दिली आहेत. कुणाला किती डोस द्यायचा हे डॉक्टरच ठरवणार. त्यांना नेमकं काय विचारायचं, हे मात्र यातून नक्की कळेल.

मेटफॉर्मिनच्या कागदावर चौकट करून 'लॅक्टिक ॲसिडोसिस'चा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा, इशारा छापलाय. जीव जाऊ शकतो म्हणे. गोळी बंद करू का?

नका करू. इशारा खरा आहे, पण प्रमाण बघा. वर्षभर मेटफॉर्मिन घेणाऱ्या एक लाख लोकांमागे साधारण तीन ते दहा जणांना हा त्रास होतो, आणि त्यातल्या बहुतेकांची किडनी आधीच बिघडलेली असते किंवा त्याच आठवड्यात दुसरं काही मोठं दुखणं आलेलं असतं. घाबरून गोळी बंद केली तर शुगर चढून बसू शकते आणि त्याचे परिणाम एक लाखात दहा इतके दुर्मिळ नसतात.

ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 साली आले. वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण 39 टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूंचं 36 टक्क्यांनी कमी दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ही गोळी आहे. ती स्वस्त आहे म्हणून काहींना हलकी वाटते, हा वेगळाच गैरसमज.

शरीरात नक्की होतं काय?

लॅक्टेट हे काही बाहेरून येणारं विष नाही. स्नायू आणि तांबड्या रक्तपेशी ते दिवसभर तयार करत असतात. लिव्हर ते उचलतं आणि त्यापासून पुन्हा साखर बनवतं, थोडा भाग किडनी संपवते. मेटफॉर्मिनचं मुख्य काम लिव्हरला ही जादा साखर बनवू न देणं. म्हणजे ज्या वाटेने लॅक्टेट संपतं तीच वाट ही गोळी थोडी अरुंद करते. निरोगी किडनी-लिव्हर असलेल्या माणसाच्या रक्तात त्याने फारसा फरक पडत नाही.

मेटफॉर्मिनचं दुसरं वैशिष्ट्य असं की लिव्हर ते फोडत नाही. ते जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. रक्तात शिरलेल्या औषधातलं जवळपास 90 टक्के 24 तासांत निघून जातं, पण किडनी चालत असेल तरच. आता गंगापूर धरणाचं घ्या. पावसाळ्यात आपण सगळे आवक किती, विसर्ग किती हेच बघत असतो. किडनी थंडावली की औषधाचा विसर्ग थांबतो, गोळ्या सुरूच असल्या तर आवक चालू राहते. त्यात जुलाब-उलट्यांनी बीपी खाली गेलं की पेशींना ऑक्सिजन कमी पडतो आणि लॅक्टेटची आवकही वाढते. रक्त आंबट व्हायला लागतं. त्याचं नाव लॅक्टिक ॲसिडोसिस.

नॉर्मल लॅक्टेट साधारण 2 (मिलिमोल प्रति लिटर) च्या आत असतं. ते 5 च्या वर गेलं आणि रक्ताचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 7.35 च्या खाली आला, की डॉक्टर हे निदान करतात.

माझ्या चिठ्ठीत मेटफॉर्मिन लिहिलेलंच नाही, मग मला कशाला भीती?

पाकीट उलटं करा. चंदेरी बाजूला ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिलेले असतात. 'मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड 500 एमजी' ही ओळ तिथे सापडण्याची शक्यता दाट आहे. आपल्याकडे मेटफॉर्मिन एकटं कमी आणि शुगरच्या दुसऱ्या औषधांच्या जोडीने जास्त विकलं जातं: ग्लिमेपिराइडबरोबर, व्हिल्डाग्लिप्टिनबरोबर, सिटाग्लिप्टिनबरोबर, डापाग्लिफ्लोझिनबरोबर, कधी तिघं एकाच गोळीत. ब्रँडच्या नावामागे 'एम' किंवा 'जीएम' अशी शेपटी दिसली तर तो 'एम' बहुधा मेटफॉर्मिनचाच.

घोळ होतो तो दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतात तेव्हा. एकाने लिहिलेल्या जोडगोळीत मेटफॉर्मिन 1000, दुसऱ्याने लिहिलेल्या पाकिटात आणखी 500, दोन्ही दिवसातून दोनदा. बेरीज झाली 3000. दिवसाला 2000 च्या पुढे डॉक्टर सहसा जात नाहीत. दोन्ही ब्रँडची नावं वेगळी, गोळ्यांचे रंग वेगळे, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सगळी पाकिटं एका पिशवीत घालून मेडिकलमध्ये आणा, बेरीज आम्ही करून देतो. याचे पैसे कुणी घेत नाही.

आणि एक विनंती. चार गोळ्या हव्यात म्हणून पाकीट कापून मागता, तेव्हा नाव आणि तारीख असलेला तुकडा तुमच्याकडे येईल असं बघा. नुसत्या पांढऱ्या गोळीवरून रात्री दोन वाजता आयसीयूतला डॉक्टरही काही सांगू शकत नाही.

मग खरा धोका कुणाला?

किडनी कमजोर असलेल्यांना सगळ्यात आधी. त्यानंतर लिव्हरचा मोठा आजार, अचानक बळावलेलं हार्ट फेल्युअर, रक्तात पसरलेलं इन्फेक्शन, आणि भरपूर दारू. सत्तरी ओलांडलेल्यांना मुद्दाम सांगतो, कारण वयाबरोबर किडनी हळूहळू उतरते आणि ते कळत नाही.

आईचं क्रिएटिनिन 1.4 आलंय. लॅबच्या कागदावर थोडंसंच जास्त दाखवतंय. मलाही 1.4 आहे, आणि मला डॉक्टर काही बोलले नाहीत.

आकडा एकच असला तरी किडनी एकसारखी नसते. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा कचरा, किडनी तो गाळून बाहेर टाकते. बारीक, म्हाताऱ्या बाईच्या अंगात स्नायू कमी, तरी 1.4 म्हणजे किडनी बरीच मागे पडली आहे. म्हणून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज, काढतात, त्यात वय आणि स्त्री की पुरुष हे धरलेलं असतं. 1.4 क्रिएटिनिन असलेल्या 40 वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण 65 येतो. तेच 75 वर्षांच्या बाईचा 39 च्या आसपास. बऱ्याच लॅब आता रिपोर्टवर हा आकडा छापतात. नसेल तर डॉक्टरांना काढून द्यायला सांगा.

पुढचं गणित असं. ईजीएफआर 30 च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद. 30 ते 45 मध्ये नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर डॉक्टर फायदा-तोटा बघून डोस निम्म्यावर, म्हणजे दिवसाला 1000 पर्यंत आणतात. 45 च्या वर असेल तर सहसा चालू राहते, पण लक्ष ठेवावं लागतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2016 साली नुसत्या क्रिएटिनिनऐवजी ईजीएफआर धरायला सांगितलं, त्यामुळे पूर्वी ज्यांची गोळी उगाच बंद व्हायची अशा अनेकांना ती परत मिळू लागली.

तपासणी वर्षातून एकदा तरी. ईजीएफआर 60 च्या खाली असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, सगळे करतात, क्रिएटिनिन मागे राहतं. मला हे नेहमी उलटं वाटत आलंय.

जुलाब-उलट्या सुरू झाल्यात. शुगरची गोळी घ्यायची की नाही?

सगळ्या पानातला मोठा प्रश्न हाच, आणि हा फार कमी लोक विचारतात. बहुतेक जण शिस्तीने गोळी घेत राहतात. "एक दिवसही चुकवली नाही" हे अभिमानाने सांगणारे काका या बाबतीत जास्त अडचणीत येतात.

पोटात काही टिकत नाही, पाणीही उलटून पडतंय, ताप आहे, लघवी कमी आणि गडद होतेय, अशा दिवशी मेटफॉर्मिन थांबवायचं. एकदा पातळ झाली आणि नंतर भूक लागली, तर त्यासाठी नाही. खाणंपिणं नेहमीसारखं झाल्यावर साधारण 24 ते 48 तासांनी पुन्हा सुरू करायचं. या नियमाची चर्चा आजारी पडण्याआधीच, तब्येत चांगली असताना, आपल्या डॉक्टरांशी करून ठेवा आणि त्यांनी सांगितलेलं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

पण नुसतं मेटफॉर्मिन थांबवून भागत नाही. नेहमी दिसणारं चित्र सांगतो. पहिला पाऊस पडलेला, नळाला गढूळ पाणी, घरात दोघा-तिघांना पोटाचा त्रास. आजोबा 74 वर्षांचे. सकाळी बीपीची गोळी, टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी वाढवणारं औषध. जेवणाआधी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक, तीही स्वतःच्या मनाने. जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं, वर टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि दुखण्याची गोळी हे तिन्ही मिळून किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. दोन दिवसांत 1.2 चं क्रिएटिनिन 4 वर जाऊ शकतं. आता रोजची मेटफॉर्मिन आत जातेय, बाहेर पडत नाही. ग्लिमेपिराइडही साचतंय, त्यामुळे शुगर धाडकन खाली येऊ शकते.

म्हणून जुलाब-उलट्यांच्या दिवशी डॉक्टरांना फोन करून चार गोष्टी एकदम विचारा: मेटफॉर्मिनचं काय, ग्लिमेपिराइडचं काय, बीपीच्या गोळीचं काय, आणि 'फ्लोझिन'ने संपणारं औषध असेल तर त्याचं काय. दुखण्याची गोळी तर विचारायचीच नाही, बंद. तापाला पॅरासिटामॉल चालतं. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, आजारपणात उलट कधी जास्त लागतं. घरी ग्लुकोमीटर असेल तर दर चार-सहा तासांनी बघा.

ओआरएसमध्ये साखर असते ना? शुगरवाल्याला कसं चालेल?

चालतं, आणि द्यायलाच हवं. डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. मीठ आतड्यातून आत ओढायला ते लागतं. पुडी आख्खी एक लिटर पाण्यातच घालायची, ग्लासात अर्धी नाही. रंगीत खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, कितीही मिळतंजुळतं नाव असलं तरी. भाताची पेज मीठ घालून, पातळ ताक, हेही चांगलं.

ताक-दही आंबट असतं, त्यात लॅक्टिक ॲसिड असतं. मग ते बंद करायचं का?

नाही. आहारातलं तेवढं लॅक्टिक ॲसिड शरीर सहज पचवतं. तसंच जिममध्ये पाय भरून आले म्हणजेही हा आजार नव्हे. व्यायामाने चढलेलं लॅक्टेट विश्रांतीनंतर तासाभरात उतरतं.

हे झालंय हे ओळखायचं कसं? मेटफॉर्मिनने तसंही पोट बिघडतंच.

बरोबर, आणि इथेच फसगत होते. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिले काही आठवडे मळमळ, गॅस, पातळ शौच हे नेहमीचं. जेवणाबरोबर घेतली, एसआर (औषध हळूहळू सोडणारा) प्रकार दिला, की बहुतेकांचं थांबतं. पण वर्षानुवर्षं गोळी सोसत असलेल्या माणसाला अचानक मळमळ, उलट्या, पोटात दुखणं सुरू झालं, तर ते 'ॲसिडिटी' म्हणून अँटासिडवर घालवू नका.

पुढची खूण श्वासाची. माणूस न धावता, न चढता, खोल आणि भरभर श्वास घेतो. शरीर आम्ल बाहेर टाकायला धडपडत असतं, पण घरचे म्हणतात दम लागलाय. सोबत अंग गळून जाणं, स्नायू दुखणं, हातपाय गार, ग्लानी, बोलण्यात गोंधळ. एवढं झालं तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा किंवा गाडी काढा, आणि सगळी पाकिटं बरोबर घ्या.

पण ग्लुकोमीटरवर शुगर 140 आहे. मग काही गंभीर नसणार ना?

शुगर नॉर्मल असताना लॅक्टिक ॲसिडोसिस होऊ शकतो. ग्लुकोमीटर आम्ल मोजत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांमध्येही असाच धोका आहे. तिथे लॅक्टेटऐवजी कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढतात आणि शुगर 200 च्या आत असतानाही रक्त आंबट होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: उलट्या, खोल श्वास, ग्लानी. 2020 मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली आणि मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत घेणारे खूप वाढले. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि किडनीला उपयोगी आहे. पण उपाशी आणि आजारी दिवशी ती जोडगोळी नको.

हॉस्पिटलमध्ये काय करतात? वाचतं का माणूस?

धमनीतून रक्त घेऊन पीएच आणि लॅक्टेट बघतात, क्रिएटिनिन, पोटॅशियम, शुगर, कीटोन करतात. सलाईन, बीपी सांभाळणं, इन्फेक्शन असेल तर अँटिबायोटिक, आणि औषध अर्थातच बंद. लॅक्टेट 20 च्या वर किंवा पीएच 7.0 आणि त्याखाली असेल, किंवा बाकी उपायांनी फरक पडत नसेल, तर डायलिसिस. त्याने मेटफॉर्मिनही निघतं आणि आम्लही. पूर्वी निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावत असत. लवकर डायलिसिस मिळू लागल्यापासून चित्र सुधारलंय.

म्हणून हॉस्पिटल निवडताना एकच प्रश्न फोनवर विचारा: आयसीयू आणि डायलिसिस एकाच ठिकाणी, रात्रीही, मिळेल का? शहरात अशी ठिकाणं आहेत. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडून येणाऱ्यांचा वेळ रस्त्यातच जातो, त्यांनी हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे का, हे भरती होतानाच आरोग्यमित्राला विचारा.

उद्या सीटी स्कॅन आहे, रंगाचं इंजेक्शन देणार म्हणाले.

साधा सीटी किंवा एमआरआय असेल तर काही करायचं नाही. आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे तेच रंगाचं इंजेक्शन, देणार असतील तर ताजं क्रिएटिनिन लागतं. ईजीएफआर 60 च्या वर असेल आणि लिव्हर, हृदय, दारू यापैकी काही नसेल तर सहसा थांबवावं लागत नाही. 30 ते 60 मध्ये, किंवा अँजिओग्राफीसारखं धमनीतून कॉन्ट्रास्ट देणार असतील, तर त्या दिवशी थांबवून 48 तासांनी क्रिएटिनिन पुन्हा बघून सुरू करतात. भूल देऊन होणाऱ्या ऑपरेशनआधीही गोळी थांबवतात. रेडिओलॉजीच्या फॉर्मवर 'मधुमेह' पुढे टिक करून सोडू नका, गोळीचं नाव लिहा.

एकादशी, नवरात्र, रोजे, वारी. गोळीचं काय करायचं?

एकटं मेटफॉर्मिन उपाशीपोटी शुगर फारशी खाली नेत नाही, ते काम ग्लिमेपिराइडचं. लॅक्टिक ॲसिडोसिसच्या बाजूने बघितलं तर उपवासापेक्षा निर्जळी वाईट. साबुदाण्याने शुगर वाढेल, पण किडनी कोरडी पडेल ती पाणी न प्यायल्याने. चैत्रात वणीच्या गडावर उन्हातून पायी जाणारे, रोजे ठेवणारे, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला चालणारे, या सगळ्यांनी निघायच्या पंधरा दिवस आधी क्रिएटिनिन करून डॉक्टरांना भेटावं. वेळा आणि डोस बदलून मिळतात. वाटेत जुलाब लागले तर वर लिहिलंय तेच. पाय दुखतात म्हणून वाटेतल्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेत चालणं हा मात्र वारीतला सगळ्यात वाईट उद्योग.

नाशिकमध्ये राहून वाईन पण नको म्हणता का?

जेवणाबरोबर कधीतरी एखादा ग्लास, किडनी-लिव्हर ठीक, डॉक्टरांची हरकत नाही, तर त्याने कुणाचं लॅक्टेट चढत नाही. वाईन असो वा देशी, प्रश्न प्रमाणाचा. दारू जिरवण्यात गुंतलेलं लिव्हर लॅक्टेट उचलत नाही. हळदीच्या रात्री भरपूर पिणं, न जेवणं, पहाटे उलट्या, आणि सकाळी उठून शिस्तीत मेटफॉर्मिन, हा क्रम नको.

एवढी भीती आली कुठून?

मेटफॉर्मिनच्या भावंडामुळे. फेनफॉर्मिन नावाची त्याच वर्गातली गोळी होती. तिने लॅक्टिक ॲसिडोसिस कितीतरी जास्त व्हायचा, म्हणून 1970 च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेतून हद्दपार झाली. भारतात बंदी यायला 2003 उजाडलं. मेटफॉर्मिन 1957 पासून फ्रान्समध्ये वापरात होतं, पण या बदनामीमुळे अमेरिकेने त्याला 1994 च्या अखेरीस कुठे परवानगी दिली, तीही चौकटीतल्या इशाऱ्यासकट.

गोळीपेक्षा देशी पावडर बरी नाही का? एकाने आणून दिलीय, शुगर लगेच उतरली.

लगेच उतरली, इथेच मला शंका येते. लेबल नसलेल्या 'हर्बल' पुड्यांत शुगरची आधुनिक औषधं मिसळलेली सापडल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत आहेत, आणि त्यांत बंदी असलेलं फेनफॉर्मिनही सापडलंय. वैद्यांकडून घेताय तर पक्क्या लेबलचं घ्या, आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

संडासात गोळी जशीच्या तशी पडलेली दिसली. म्हणजे लागलीच नाही?

एसआर गोळीचं ते रिकामं कवच. औषध आत झिरपून गेलेलं असतं. दुसरी घेऊ नका. आणि मोठी आहे म्हणून एसआर गोळी कुटून घेऊ नका, सगळा डोस एकदम सुटतो. गिळायला जड जाते असं सांगितलंत तर छोटी किंवा साधी गोळी मिळू शकते.

आजारपणात तीन दिवस गोळ्या चुकल्या. आता जास्त घेऊन भरून काढू का?

नाही. पोट ठीक झालं, लघवी नेहमीसारखी होतेय, दोन वेळचं जेवण टिकतंय, मग नेहमीचाच डोस. किडनी आधीपासून कमजोर असेल, किंवा आजारपणात सलाईन लावावं लागलं असेल, तर आधी क्रिएटिनिन करा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि मगच पाकीट उघडा.